दुपारची स्वस्त वीज आणि फ्रिजवरचं वेळापत्रक



आजचा धडा पुस्तकातला नाही, वीजबिलातला आहे. जमलं तर स्वतःचं बिल हातात घेऊनच वाचायला बसा.

आमचा फ्लॅट सगळा विजेवर चालतो. इमारतीत पाइपचा गॅस आलेला नाही, आणि सिलिंडरही आम्ही बंद केला. इंडक्शन शेगडी, २५ लिटरचा गीझर, वॉशिंग मशीन, इस्त्री आणि उन्हाळ्यात एका खोलीत एसी. मागच्या वर्षी जुना मीटर जाऊन टीओडी मीटर बसला. म्हणजे किती वीज वापरली एवढंच नाही, तर ती किती वाजता वापरली हेही तो मोजतो. महावितरणने १ जुलै २०२५ पासून असे मीटर असलेल्या घरांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांची सूट सुरू केली. कारण सोपं आहे. दिवसा सूर्याची वीज भरपूर तयार होते, ती साठवणं महाग पडतं, म्हणून ती तेव्हाच वापरली जावी.

झालं! आमच्यातली शिक्षिका जागी झाली. मी एक वेळापत्रक तयार केलं आणि शाळेतल्या तासिकांसारखं फ्रिजवर चिकटवलं. साडेनऊला वॉशिंग मशीन. अकराला गीझर. चारच्या आत रात्रीची आमटी-भाजी. तीनला इस्त्री. मोठ्या अभिमानाने त्याचा फोटो काढून मैत्रिणींना पाठवला. चार जणींनी तर तसाच्या तसा उतरवून घेतला.

आता तुम्हाला प्रश्न पडला असेल, की मी सातच्या शाळेला जाते, हे नऊला कामावर जातात, लेक कॉलेजात. मग साडेनऊला मशीन लावणार कोण? तोच प्रश्न मला मात्र पडला नाही. घरी आई होत्या ना. माझ्या सासूबाई, वय ६८. त्यांनी एका शब्दाने तक्रार न करता महिनाभर ते वेळापत्रक पाळलं. अगदी भर एप्रिलात दुपारी तीनला इस्त्री घेऊन उभ्या राहिल्या.

बिल आलं. ९ ते ५ च्या ओळीत आधीच्या महिन्यापेक्षा ५२ युनिटं वाढलेली. मी खूश. मग गुणाकार केला. ५२ गुणिले ८० पैसे. एक्केचाळीस रुपये साठ पैसे. आईंना सांगितलं, तर त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "अगं, एवढ्यात आपल्या कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला चार-पाच कपडे करून देतो."

त्या दिवशी मी खऱ्या अर्थाने हिशेबाला बसले, आणि जे आधी करायला हवं होतं ते नंतर केलं. विज्ञानाच्या बाईंनी हे नंतर करावं, याची थोडी लाजच वाटली.

गीझरचंच घ्या. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते, हे आपण मुलांना घोकायला लावतो. एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. २५ लिटर पाणी ३० अंशांनी तापवायचं तर ७५० किलोकॅलरी, म्हणजे साधारण ०.८७ युनिट. ते दुपारी तापवलं तर वाचले ७० पैसे. पण आमच्याकडे अंघोळी पहाटे पाचला सुरू होतात! चारला तापवलेलं पाणी रात्रभर टाकीत निवत राहणार. ते एक अंशाने निवलं तरी २५ किलोकॅलरी गेल्या. माझ्या बिलात वरच्या टप्प्यातलं युनिट वहन आकार धरून साधारण ११ रुपयांना पडतं, त्या भावाने एका अंशाला ३२ पैसे. म्हणजे पाणी तीन अंश निवलं की सूट संपली आणि वर खिशातले गेले. तेरा तासांत तीन अंशांवर कुठली टाकी थांबते? स्वस्त विजेने पाणी तापवून आम्ही महिनाभर पैसे घालवत होतो.

इथे एक गंमत सांगते. आपल्याकडे "रात्री वीज स्वस्त असते" असं अजूनही बरेच जण म्हणतात. ते इंग्लंडच्या बाबतीत बरोबर आहे. तिथे 'इकॉनॉमी ७' नावाचा दर आहे, रात्रीचे सात तास वीज स्वस्त. ज्या घरांत गॅस नाही, त्यांच्याकडे विटा भरलेले हीटर असतात. रात्री विटा तापवायच्या, दिवसभर त्यांची ऊब घ्यायची. रात्रीचा दर दिवसाच्या मानाने खूपच कमी, म्हणून थोडी ऊब वाया गेली तरी परवडतं. आपल्याकडे स्वस्त वेळ दिवसाची आणि फरक काही पैशांचा. तिथली युक्ती इथे जशीच्या तशी चालणार नाही, आणि मोबाइलवर फिरणारे बरेच सल्ले तिथूनच उचललेले असतात.

दुसरा हिशेब टप्प्यांचा. १०० युनिटांपर्यंत एक दर, १०१ ते ३०० पर्यंत त्याच्या जवळजवळ दुप्पट, ३०१ पासून आणखी वर. त्यामुळे न वापरलेलं युनिट नेहमी सगळ्यात महाग टप्प्यातून वजा होतं. ११ रुपयांचं एक युनिट वाचवणं म्हणजे जवळपास १४ युनिटं रात्रीतून दुपारी ढकलण्याइतकं. मग घाम कुठे गाळायचा, तुम्हीच सांगा. आम्ही गीझरचं बटण ६० वरून ५० वर आणलं. अंघोळीला बसायच्या आधी वीस मिनिटं चालू, मग बंद. एसी २४ ऐवजी २६ वर आणि सोबत पंखा. एक अंश वाढवला की एसीची वीज सुमारे ६ टक्के वाचते, असं बीईई सांगते. डाळ-तांदूळ आधी भिजवणं आणि झाकण ठेवून शिजवणं आईंना माझ्या आधीपासून माहीत होतं.

सूट वाईट आहे असं मी म्हणत नाही. घरात कोणी असेल आणि दुपारी मशीन लावायचंच असेल, तर जरूर लावा. शनिवार-रविवारची धुणी, इस्त्री त्या वेळात बसवा. पण "दिवसा वापरा, बिल वाचवा" हे वाक्य घरात येतं तेव्हा ते कोणाच्या अंगावर पडतं, ते आधी बघा. बहुतेक घरांत ते त्या बाईवर पडतं, जिच्या दुपारच्या तासभर झोपेला कुणी काम मानत नाही आणि विश्रांतीही मानत नाही.

हा सगळा हिशेब मी आठवीच्या वर्गात फळ्यावर मांडला. मुलांना घरची बिलं आणायला सांगितली होती. (नावं आणि ग्राहक क्रमांक कागदाने झाकून आणा, हे सांगायला विसरू नका. माझ्याकडून पहिल्या दिवशी राहिलं.) गुणाकार, शेकडेवारी, उष्णता, सगळं एका तासात आलं. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उठला. म्हणाला, "बाई, आमचे आई-बाबा दोघंपण कामावर जातात. दुपारी घराला कुलूप असतं. मग आम्हाला सूट कधी?"

मी सौरऊर्जेचं कारण पुन्हा सांगितलं. ते त्याला कळलं होतं. त्याचा प्रश्न वेगळा होता, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ज्यांचं घर दुपारी रिकामं असतं, त्यांनी कमी कमावणं शक्य नाही आणि घरी थांबणंही शक्य नाही. मशीनला उशिरा सुरू व्हायची सोय असते, तेवढं त्याला सुचवलं. त्यांच्याकडे मशीन नव्हतं.

पालकहो, तुमच्या मुलांनी असे प्रश्न घरी आणले तर त्यांना गप्प करू नका. बिल द्या त्यांच्या हातात.

आमच्या फ्रिजवरचं वेळापत्रक मी काढायला गेले, तर ते आधीच काढलेलं होतं. आईंनी कागद उलटा करून परत लावला होता आणि मागच्या कोऱ्या बाजूवर दुधाचा हिशेब लिहायला सुरुवात केली होती. इस्त्री आता रविवारी अकराला असते. हे करतात.