योगासनांनंतरचे ताट

११ डिसेंबर २०१४ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २१ जून हा आंतरराष्ट्रीय योगदिन म्हणून मान्य केला. १७७ देश त्या ठरावाचे सहप्रस्तावक होते. तेव्हापासून दरवर्षी जूनमध्ये गावोगावच्या मैदानांवर सतरंज्या अंथरल्या जातात. या जागृतीचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र मैदानावरून घरी परतलेला साधक न्याहरीला काय खातो, याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. साखरेच्या चहात बुडवलेली मैद्याची बिस्किटे आणि रात्री दहाला दूरचित्रवाणीपुढे भरपेट जेवण, हा दिनक्रम तसाच राहणार असेल, तर पहाटेच्या पाऊण तासाने काय साधणार?

योगशास्त्रकारांना हा धोका पुरता ठाऊक होता. हठप्रदीपिकेत सिद्धासनाची थोरवी सांगताना स्वात्मारामांनी उपमाच अशी योजली आहे की, यमांमध्ये जसा मिताहार, तसे आसनांमध्ये सिद्धासन. मिताहाराचे श्रेष्ठत्व पटवून देण्याची त्यांना गरजच वाटली नाही. ते गृहीत होते. घेरंडसंहिता प्राणायामाच्या प्रकरणात आधी आहाराचा विचार करते, मिताहारावाचून योगारंभ करणाऱ्यास नाना रोग जडतात असे बजावते आणि पोटाचा चौथा भाग वायूच्या संचारासाठी रिकामा ठेवावयास सांगते. आपण मात्र आसने उचलली आणि ताट तसेच ठेवले. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत, आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्या आजाराच्या उंबरठ्यावर उभे आहेत. मध्यमवर्गीय घरांना हे आकडे परके नाहीत.

परंतु जे जुने ते सारे हितकर, असेही समजू नये. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले, त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले आणि उड्डियान, नौली यांसारख्या क्रियांचे परिणाम क्ष-किरण व दाबमापक यंत्रे लावून तपासले. श्रद्धा होती म्हणूनच त्यांनी परीक्षा घेतली. तीच कसोटी आपल्या उपवासाला लावली तर काय दिसते? साबुदाणा हा टॅपिओकाच्या कंदाचा जवळजवळ निव्वळ पिष्टमय पदार्थ. त्यात प्रथिने नाममात्र आणि चोथा नगण्य. टॅपिओका, बटाटा, शेंगदाणा, हिरवी मिरची हे सारेच मूळचे अमेरिका खंडातले, पोर्तुगीजांच्या काळानंतर येथे रुळलेले. तेव्हा 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण खिचडीने सार्थ केली असली, तरी त्या खिचडीला प्राचीनतेचा आधार देता येत नाही. त्यापेक्षा वरी, राजगिरा आणि ताक पोटास कितीतरी मानवते.

नित्याच्या जेवणासाठी दूर जावे लागत नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी ही कोरडवाहू महाराष्ट्राची धान्ये. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि भारताच्या पुढाकाराने २०२३ हे वर्ष जगभर भरडधान्य वर्ष म्हणून पाळले गेले. या धान्यांतील चोथ्यामुळे मैद्याच्या तुलनेत रक्तातील साखर सावकाश चढते, पोट अधिक वेळ भरलेले राहते आणि मधल्या वेळची चिडचिड, खाखा कमी होते. मनःस्वास्थ्याचा एक धागा येथे आहे. जेवणाची ठरलेली वेळ आणि त्यामुळे लागणारी शांत झोप हा दुसरा.

आता थोडे कटू. भाकरी थापायची कोणी? बहुतेक घरांत गृहस्थ पहाटे चटई घेऊन उद्यानात जातात आणि त्याच वेळी गृहिणी तव्यापुढे उभी असते. सर्वांचे आटोपल्यावर उरलेसुरले ती जेवते. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. याची कारणे अनेक असली, तरी सर्वांत शेवटी वाढले जाणारे ताट हे त्यातले एक आहे, आणि ते घरातच दूर करता येण्याजोगे आहे. गरम पाण्यात पीठ मळून भाकरी थापणे मुलग्यांनाही जमते. हात बसायला काही दिवस जातात, पहिल्या दोन-चार भाकऱ्या फाटतात. पण तेवढ्यात आईला सकाळी चटईवर बसण्यास अर्धा तास मिळतो.