चिंधीचे मोल

एक साधा सुती सदरा अंगावर चढेपर्यंत त्यामागे किती हात राबलेले असतात, याचा विचार सदरा घालणारा क्वचितच करतो. विदर्भातील वा मराठवाड्यातील शेतकरी मृगाच्या पावसावर सरकी टोबतो. दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी सुरू होते. मग सरकी काढावयाची, सूत कातावयाचे, ते मागावर चढवावयाचे, कापड रंगवावयाचे आणि अखेर शिंप्याने त्याला कात्री लावावयाची! कापसाच्या पिकापासून रंगकामापर्यंत एका सदऱ्यासाठी सुमारे २७०० लिटर पाणी खर्ची पडते, असा जाणकारांचा अंदाज आहे. एवढे सायास करून तयार झालेले वस्त्र कोपराशी फाटले किंवा अंगाला आखूड झाले, एवढ्याच कारणाने फेकून द्यावे काय? जुने कापड उसवून, नव्याने बेतून त्याचे दुसरे वस्त्र शिवणे हे दारिद्र्याचे लक्षण नव्हे. ते श्रमांची किंमत ओळखणाऱ्या मनाचे लक्षण आहे.

महाराष्ट्रातील घरांना ही किंमत चांगली ठाऊक होती. लुगडे किंवा धोतर एखाद्या ठिकाणी विरले, की विरलेला भाग कापून काढीत आणि उरलेले धड तुकडे एकमेकांस जोडीत. याला ‘दंड घालणे’ म्हणत. पुढे त्या लुगड्याचे जुनेर झाले, म्हणजे काठाकडच्या धड भागातून मुलीचा परकर निघे. वारंवार धुऊन मऊ झालेल्या भागाची तान्ह्या बाळासाठी झबली, टोपडी आणि दुपटी होत. कारण बाळाच्या कोवळ्या कातडीला नव्या कापडाची खळ टोचते, जुने कापड टोचत नाही. उरलेले तुकडे एकावर एक रचून धावदोऱ्याने गोधडी शिवली जाई. तिच्या थरांमध्ये हवा अडकून राहते, म्हणून पातळ चिंध्यांची ती गोधडी थंडीत ऊब देते. अशा गोधड्या आजही अनेक घरांत शिवल्या जातात. बंगालमधील कांथा, बिहारमधील सुजनी आणि कर्नाटकातील सिद्दी स्त्रियांची कवंदी या तिच्याच बहिणी होत.

हा विचार फार जुना आहे. बौद्धांच्या विनयपिटकात एक कथा सांगितली आहे. कौशांबीच्या उदयन राजाच्या राण्यांनी भिक्षू आनंदाला पाचशे वस्त्रे दान केली. एवढ्या वस्त्रांचे हा भिक्षू काय करणार, असा राजाला संशय आला व त्याने आनंदाला तसे विचारले. ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत, त्या भिक्षूंना ती वाटून देऊ, असे आनंदाने सांगितले. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची अंथरुणावर घालावयाची पांघरणे. ती जुनी झाल्यावर गादीच्या खोळी, त्यांच्यापासून जमिनीवर अंथरावयाची वस्त्रे, पुढे पायपुसणी, पुढे धूळ झाडण्याची फडकी. आणि ती फडकीही झिजली, म्हणजे त्यांचे तुकडे चिखलात कालवून जमीन सारवावयाची! हे उत्तर ऐकून राजा इतका प्रसन्न झाला, की त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली. जो मिळालेल्या वस्तूचा शेवटचा धागाही वाया दवडीत नाही, त्याच्या हाती आणखी देण्यास कोणालाही संकोच वाटत नाही.

संपन्न राष्ट्रांवरही हा धडा गिरवण्याची वेळ आली आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १ जून १९४१ पासून, ब्रिटनमध्ये कपड्यांवर नियंत्रण आले. खिशात पैसे असले, तरी कूपनांवाचून नवे कपडे मिळेनात. १९४३ साली तेथील सरकारने लोकांसाठी एक पुस्तिका प्रसिद्ध केली. कपडे कसे जपावे, कसे सांधावे, जुन्यातून नवे कसे काढावे, हे तीत सांगितले होते. हे नियंत्रण १९४९ साली उठले. तोपर्यंत श्रीमंत व गरीब या दोघांनाही सुई हाती धरावी लागली होती.

या कामाला बुद्धीही लागते. जुन्या कापडावर कोरे कापड ठिगळ म्हणून लावले, तर धुतल्यावर ते आटते आणि भोवतालच्या विरलेल्या धाग्यांना ओढून फाडते. म्हणून ठिगळ धुतलेल्या, तितक्याच जाडीच्या कापडाचे घ्यावे आणि उभ्या धाग्याशी उभा धागा जुळवावा. सदऱ्याची कॉलर मानेशी झिजली, तर ती उसवून उलटी लावता येते. पायजम्याचे गुडघे गेले, तर त्याची अर्धी चड्डी होते. कोठे कापावे आणि कोठे वाचवावे, हे ठरवताना डोळा, हात आणि हिशेब यांचा एकत्र कस लागतो. सुई बायकांची, असे म्हणून मुलग्यांनी यातून अंग काढून घेऊ नये. गावोगावचे शिंपी बहुधा पुरुषच असतात. त्यांच्या हातातील सुईला कोणी हसत नाही.

‘नवे कपडे स्वस्त मिळतात, मग हा खटाटोप कशाला?’ असे कोणी म्हणेल. परंतु दुकानातील किंमत कमी झाली, म्हणून शेतकऱ्याचे आणि विणकराचे कष्ट कमी होत नाहीत. शिवाय आजचे पुष्कळ कापड कृत्रिम धाग्यांचे असते. ते उकिरड्यावर टाकले, तरी सुती चिंधीसारखे कुजून मातीत मिसळत नाही. वर्षानुवर्षे तसेच पडून राहते. नवे कपडे कधी घेऊच नयेत, असा याचा अर्थ नाही. घेतलेले कापड पुरते वापरावे, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

मात्र एक विवेक सुटता कामा नये. ज्याच्यापाशी एकच सदरा आहे, त्याच्यापुढे ठिगळाची थोरवी गाणे ही क्रूर थट्टा होय. त्याला धड वस्त्र मिळाले पाहिजे. आणि ते देणाऱ्याने फाटके देऊ नये, स्वच्छ धुऊन, सांधून द्यावे. काटकसरीचा उपदेश आहे तो ज्यांची कपाटे भरलेली आहेत त्यांना. वर्गात एखाद्याच्या बाहीवर ठिगळ दिसताच जो हसतो, त्याला त्या ठिगळामागे जागलेली रात्र दिसत नाही. सफाईने लावलेले ठिगळ पाहून हसण्यापेक्षा ते कसे लावले, हे विचारून घ्यावे. तसे विचारणाऱ्याच्या हाती एक विद्या येईल, आणि ज्याच्या अंगावर ते ठिगळ आहे, त्याची मान ताठ राहील.