अवधाण

पायात काटा मोडून जखम चिघळली की जांघेत गाठ येते. आमच्या वेळापूरकडे ‘अवधाण आले’ म्हणतात. मराठीच्या मास्तराला हा शब्द फार प्रिय. एका ‘ण’पायी तो ‘अवधान’ व्हायचा राहिला. आणि लसिकाग्रंथींचे काम तरी दुसरे काय? अंगात परका कोण शिरला यावर अवधान ठेवायचे.

मानेवर गाठ आली की मात्र हा शब्द कोणी उच्चारीत नाही. तेथे एकच नाव, गंडमाळा, म्हणजे क्षय. त्यातून मुलगी लग्नाची असली तर सारे घर गप्प! माझ्या एकोणीस वर्षांच्या भाचीचे तसेच झाले. मानेला दोनतीन गाठी, रोज संध्याकाळी ताप. एका डॉक्टरांनी सहा महिन्यांची क्षयाची औषधे सुचविली. दाजी म्हणाले, गुपचूप घेऊन टाकू, चिरफाड कशाला? ताई अडून बसली: आधी गाठ काढून तपासा.

तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मला सूक्ष्मदर्शकाखाली आधी क्षयाची काच दाखविली. पेशींचे गोलसर पुंजके, मधोमध खव्यासारखा चुरा, काही थोराड पेशींत केंद्रके घोड्याच्या नालासारखी मांडलेली. मग भाचीची काच. तेथे पुंजका नव्हता. जागोजाग पेशी मरून त्यांच्या केंद्रकांची धूळ झालेली. ती धूळ गिळणाऱ्या पेशींची केंद्रके कडेला सरून चंद्रकोरीसारखी वाकलेली. पू होताना धावून येणाऱ्या पेशी तर औषधालाही नव्हत्या.

हा किकुची-फुजिमोटो रोग. १९७२ साली जपानात या दोघांनी तो वेगवेगळा वर्णिला. बहुधा तरुणपणी, अधिक करून बायकांत आढळतो. कारण पुरते उलगडलेले नाही. शरीराचे रक्षक भडकून घरच्याच पेशी मारतात, असे मानतात. क्षयाच्या औषधांचा येथे उपयोग नाही. बहुतेकदा एक ते चार महिन्यांत दुखणे आपोआप ओसरते. मात्र काहींना याच्या मागेपुढे ल्यूपस निघतो. त्यात शरीर स्वतःच्या सांध्यांवर, मूत्रपिंडांवर उलटते. त्याची गाठही काचेवर पुष्कळशी अशीच दिसते, म्हणून रक्त तपासावे लागते. भाचीचे निर्दोष निघाले. तरी काही वर्षे नजर ठेवायची आहे.

आषाढात माउलींची पालखी वेळापूरला मुक्कामाला आली, तोवर ताप गेला होता. आता स्थळे येऊ लागली आहेत. पाहुण्यांपुढे अहवाल ठेवायचाच, असे ताई म्हणते. दाजी अजून नाही म्हणतात.