ब्लेझर घालून गोठ्यात जाता येत नाही, साहेब

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण ज्यांच्या दावणीला एक तरी जनावर आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

गेल्या आठवड्यात एका पशुवैद्यकीय महाविद्यालयात 'नेतृत्वगुण व व्यक्तिमत्त्व विकास' अशा कार्यशाळेला बातमीसाठी गेलो होतो. कॉलेजचं नाव लिहीत नाही. असल्या कार्यशाळा आता सगळीकडेच होतात, एकट्या त्यांना का धरायचं? एसी हॉल, कानाला माइक लावलेले मोटिव्हेशनल वक्ते, समोर ब्लेझर घालून बसलेली पोरं-पोरी. हात कसा मिळवायचा, डोळ्यात डोळे घालून कसं बोलायचं, सकाळी पाचला उठून आरशासमोर काय म्हणायचं, सगळं झालं. मग गरुडाची गोष्ट आली. तीच हो, व्हॉट्सअॅपवाली. म्हातारा गरुड डोंगरावर जातो, दगडावर चोच आपटून तोडतो, नवी चोच येते आणि पुढं अजून तीस वर्षं जगतो.

समोर बसलेल्यांना पक्ष्यांची शरीररचना शिकवलेली आहे. चोच तुटलेला गरुड उपाशी मरतो, हे त्यांना कळत नाही असं नाही. तरी टाळ्या वाजल्या. एकानं जरी हात वर करून "सर, असं होत नसतं" म्हटलं असतं ना, तर मी म्हटलं असतं की या कॉलेजात नेतृत्व आहे.

आता दुसरा प्रसंग सांगतो. यात मी स्वतः गुन्हेगार आहे.

२०२२ चा पावसाळा आठवा. लम्पी आला होता. जनावरांचे बाजार बंद, गोठ्यागोठ्यात गाठी आलेली जनावरं, आणि शेळ्यांच्या देवीची लस घेऊन डॉक्टर लोक दिवसाला चार-चार गावं करत होते. लम्पीनं जनावर दगावलं तर सरकारनं मदत जाहीर केली होती. दुभत्या गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार.

आमच्या भागात तेव्हा एक तरुण पशुधन विकास अधिकारी होती. नोकरीचं पहिलंच वर्ष, आणि स्वतःचा दवाखाना सोडून आणखी दोन दवाखान्यांचा चार्ज. एका गावात गाय मेली. अंगावर एक गाठ नव्हती. शवविच्छेदनात कोठीपोटातून प्लास्टिकच्या पिशव्यांचा हा एवढा गोळा निघाला. मालक गरीब, सोसायटीचं कर्ज थकलेलं, घरात तेवढी एकच दुभती गाय. सगळं गाव म्हणालं, मॅडम, लम्पी लिहा, तुमच्या खिशातून जातंय का? पुढाऱ्याचा फोन आला. मॅडमनी लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी दवाखान्याला कुलूप ठोकलं लोकांनी.

आणि मी बातमी दिली. 'पशुवैद्यकीय अधिकाऱ्याची मुजोरी, शेतकरी मदतीपासून वंचित.' मॅडमना एक फोन केला नाही. पत्रकारितेच्या डिप्लोमात पहिल्या महिन्यात शिकवतात की दुसरी बाजू घ्या. ती घेतली नाही. गोळ्याची गोष्ट मला पुढं कित्येक महिन्यांनी तिथल्या पशुधन पर्यवेक्षकांनी सांगितली. ते म्हणाले, "त्या दिवशी मॅडम खोड्याच्या मागं जाऊन रडल्या, तोंड धुतलं आणि पुढच्या गावाला लसीकरणाला गेल्या." तोवर त्यांची बदली झाली होती. दुरुस्ती मी छापली नाही. आज इथं छापतोय ती समजा.

आता मला सांगा, नेतृत्व कशाला म्हणायचं? आणि त्या बाईला ते साडेपाच वर्षांत कुणी शिकवलं होतं? साडेचार वर्षं अभ्यास, वर्षभर इंटर्नशिप. त्यात वासरू आडवं आलं तर काय करायचं ते शिकवतात. वासरू आडवं आलंय, मालक तीन तास उशिरा बोलावतोय, अगोदर कुणीतरी ओढून गर्भाशय फाडून ठेवलंय, आणि आता वीस माणसं भोवती उभी राहून "डॉक्टरनं मारली" म्हणायला तयार आहेत, तेव्हा काय बोलायचं ते कोण शिकवणार? मुंबईत १८८६ पासून पशुवैद्यकाचं कॉलेज आहे. तेव्हापासून आपण दाव्याच्या एका टोकाचं जनावर शिकवतोय, दुसऱ्या टोकाचा माणूस राहूनच गेला.

इंग्लंड-अमेरिकेत पशुवैद्यकांमध्ये आत्महत्येचं प्रमाण इतर लोकांपेक्षा जास्त असल्याचं तिथल्या अभ्यासांनी दाखवलंय. तिथं यावर उघड बोलतात. आपल्याकडं गरुड.

एका प्राध्यापकांशी याच विषयावर बोललो. ते म्हणाले, "खेड्यातली पोरं येतात हो, मराठी माध्यमातली. इथं सगळं इंग्रजीत. स्टेजवर उभं राहायला पाय कापतात. या कार्यशाळेनं थोडा धीर येतो." हे मला मान्य आहे. मी पण त्यातलाच आहे, पहिल्या पत्रकार परिषदेत प्रश्न विचारताना माझा घसा कोरडा पडला होता. धीर पाहिजेच. पण तो हॉलमध्ये येऊन काय उपयोग? पहिल्याच पोस्टिंगला हाताखाली पंचवीस वर्षं नोकरी झालेला पर्यवेक्षक असतो. त्याला डोळ्यात डोळे घालून ऑर्डर सोडा म्हणावं, बघू काय होतं! त्याच्याकडून शिकायचं आणि सहीची जबाबदारी मात्र आपली ठेवायची, ही कसरत आहे. ग्रामसभेत उभं राहून लसीनं दूध आटत नाही हे पटवायचं, ही पण आहे. पोरींचं तर आणखी वेगळं. गाडीतून उतरल्यावर पहिला प्रश्न "डॉक्टर कुठंयत?"

पदं रिकामी ठेवायची, एकाच्या गळ्यात तीन दवाखाने बांधायचे आणि वर 'ताणतणाव व्यवस्थापन' म्हणून भाषण ठेवायचं, हा तर निव्वळ चावटपणा आहे. तो कॉलेजचा नाही, सरकारचा.

कार्यशाळा संपल्यावर चहाच्या टेबलापाशी शेवटच्या वर्षाची एक मुलगी आली. वक्त्यांना तिनं काही विचारलं नव्हतं. मला म्हणाली, "सर, तुम्ही गावागावांत फिरता ना? जनावर दगावलं तर लोक मारतात का हो?"

मी म्हटलं, मारत नाहीत सहसा. पण बातमी छापून आणतात.

तर माझं म्हणणं एवढंच आहे. वक्त्याच्या मानधनाच्या निम्म्या पैशात निवृत्त पर्यवेक्षक, जुने डॉक्टर, दूध संघातली माणसं कॉलेजात बोलावता येतात. ज्यांची गाय डॉक्टरच्या हातात मेली असा एखादा शेतकरीही बोलवा. आपल्या तालुक्यात असं कुणी तयार असेल तर खाली कमेंटमध्ये गाव टाका, नंबर मला इनबॉक्समध्ये द्या. पुढच्या महिन्यात यादी घेऊन मी स्वतः प्राचार्यांकडं जातोय.