कागदावरची रेंज

विजेवर चालणाऱ्या मोटारीच्या जाहिरातीतली रेंज खोटी नसते; ती प्रयोगशाळेतली असते. आपल्याकडील चाचणीत गाडी रोलरवर, एसी बंद ठेवून, ताशी ९० किलोमीटरची मर्यादा न ओलांडता धावते. हवेचा विरोध मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे द्रुतगती मार्गावर ताशी १०० च्या वेगाने, एसी लावून निघालेल्या कुटुंबाला खंडाळ्याचा घाट चढेपर्यंत चार्जिंगची चिंता लागते. अमेरिकेत चाचणीतल्या अंतराला साधारणपणे ०.७ ने गुणून मगच आकडा छापतात. आपल्याकडे ही काटछाट ग्राहकालाच करावी लागते.

हिशेब अवघड नाही. चार्जिंग ८० टक्क्यांवरून ३० वर येईपर्यंत गाडी ११० किलोमीटर गेली, तर पूर्ण चार्जिंगवर ती सुमारे २२० जाईल. तेवढेच ५० टक्के पुन्हा भरायला १५ युनिट लागले, तर बॅटरीची क्षमता ३० युनिटांहून थोडी कमी, कारण काही वीज उष्णतेत वाया जाते. हेच गणित दरवर्षी त्याच ऋतूत केले, की बॅटरी किती थकली ते कळते.

पण लाखो रुपये मोजल्यावर हे गणित करण्यात काय अर्थ? एसी लावून महामार्गावर मिळणारी रेंज विक्रीपूर्वीच छापण्याची सक्ती हवी.