रजबमध्ये करायचे काम

रजबचा चांद दिसला की आमच्या मोहल्ल्यात रमजानची चाहूल लागते. कुणी घराला रंग काढायचे ठरवते, कुणी खजुराचा भाव विचारून ठेवते, मशिदीत तरावीहसाठी हाफिजसाहेब कोण येणार याची चर्चा सुरू होते. मेडिकलवाल्या भाईंच्या दुकानात मात्र काहीच बदलत नाही. तेच मधुमेहाचे रुग्ण, तीच जुनी चिठ्ठी, त्याच गोळ्या. मग शाबान सरतो, पहिली तरावीह होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे प्रत्येक जण आपापल्या अकलेने गोळ्यांच्या वेळा बदलतो. कुणी सकाळची गोळी सहेरीला घेतो, कुणी दिवसभराच्या सगळ्या गोळ्या इफ्तारला एकदम घेतो, तर कुणी महिनाभर औषधच बंद ठेवतो.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका रमजानमध्ये आमच्या ओळखीच्या एक खाला असरच्या नमाजसाठी वुजू करताना कोसळल्या. सहेरीला त्यांनी रोजची पूर्ण गोळी घेतली होती आणि वर फक्त चहा आणि अर्धी पोळी. जीव वाचला, अल्हम्दुलिल्लाह, पण खुब्याचे हाड मोडले. आज त्या वॉकर धरून चालतात.

या प्रसंगानंतर आम्ही काही जण एकत्र बसलो आणि गेल्या वर्षी रजबमध्येच एक योजना लिहून काढली. चांगली चार पानी होती. डॉक्टरांनी रुग्ण तपासायचे, आशाताईंनी याद्या करायच्या, इमामसाहेबांनी जुम्म्याला बोलायचे, जमातीने साखर तपासायच्या मशिनला पैसे द्यायचे. ती पाने घेऊन आम्ही जमातीच्या अध्यक्षांकडे गेलो. ते म्हणाले, "काम नेक आहे, पण मौलाना काय म्हणतात ते बघा." मौलाना म्हणाले, "आजाराचा मामला आहे, डॉक्टरसाहेबांनी आधी सांगायला हवं." डॉक्टरसाहेब म्हणाले, "मी सांगून थकलो. रोज्याच्या बाबतीत लोक माझं ऐकत नाहीत, मौलानांचं ऐकतात." असे फिरता फिरता शाबानही उलटला आणि आमची पाने कपाटात गेली. 'नाही' कुणीच म्हटले नव्हते, हे विशेष.

चूक आमचीच होती. आम्ही सगळ्यांकडे मंजुरी मागत होतो. मंजुरी मागितली की समोरचा माणूस दुसऱ्याकडे बोट दाखवतो, कारण ज्या गोष्टीची जबाबदारी पूर्णपणे आपली नाही तिच्यावर सही करायला कुणालाही भीती वाटते. डॉक्टरांना भीती, की 'रोजा ठेवू नका' म्हटले तर लोक आपल्याला दीनच्या विरोधातले समजतील. इमामसाहेबांना भीती, की 'मोडा' म्हटले आणि माणूस ठणठणीत निघाला तर? दोघांच्याही भीतीत तथ्य आहे. एकाने आजाराचा अंदाज द्यायचा आणि दुसऱ्याने त्यावर शरीयतचे मत द्यायचे, तर दोघांनी एकाच खोलीत, एकाच वेळी बोलले पाहिजे.

हे आम्हीच शोधून काढले असे नाही. मधुमेह आणि रमजान यांवर आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने 2016 साली मार्गदर्शक पुस्तिका काढली आणि 2021 साली ती सुधारली. डॉक्टरांच्या सूचनांबरोबर उलमांच्या मताचाही त्यात समावेश आहे. रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी रुग्णाने डॉक्टरांना भेटावे, असे ती सांगते. म्हणजे नेमका रजब. रोजा चालू असताना साखर 70 च्या खाली गेली किंवा 300 च्या वर गेली तर रोजा तिथेच सोडावा, हेही तिच्यात स्पष्ट लिहिले आहे. हे दोन आकडे घराघरात पाठ असायला हवेत असे आम्हाला वाटते.

या प्रश्नाचे वजन किती, हे 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासावरून कळते. 13 देशांतल्या 12 हजारांहून अधिक मधुमेही मुस्लिमांची माहिती त्यात घेतली होती. प्रौढ वयात होणाऱ्या, म्हणजे टाईप 2 मधुमेहाच्या रुग्णांपैकी 79 टक्क्यांनी रमजानमध्ये किमान 15 रोजे ठेवले होते, आणि साखर धोकादायकरीत्या खाली जाण्याचे प्रसंग त्यांच्यात एरवीपेक्षा साडेसात पट झाले होते. लोक रोजे ठेवणारच, हे पहिल्या आकड्याने सांगितले. नुसते 'ठेवू नका' म्हणणाऱ्या डॉक्टरांनी तो आकडा वाचावा. आणि 'अल्लाह बघून घेईल' म्हणणाऱ्या आमच्या भाईंनी दुसरा.

लंडनमध्ये मग एक साधा प्रयोग झाला. रमजानआधी काही रुग्णांना आहार, व्यायाम, औषधाच्या वेळा आणि साखर तपासणे यांची शिकवणी दिली, काहींना दिली नाही. 2010 साली त्याचे निष्कर्ष छापून आले. शिकवणी मिळालेल्या 57 जणांत साखर खाली जाण्याचे प्रसंग 9 वरून 5 वर आले. न मिळालेल्या 54 जणांत ते 9 वरून 36 वर गेले. माणसे थोडी आहेत, मान्य. पण अध्यक्षसाहेबांसमोर ठेवायला आम्हाला याहून सोपा हिशेब सापडला नाही.

महिन्यापूर्वी आम्ही पुन्हा सगळ्यांना बोलावले. या वेळी उर्दू शाळेच्या वर्गात, म्हणजे बायकांनाही येता येईल. चार पानांऐवजी प्रत्येकासाठी एक चिठ्ठी केली आणि त्या चिठ्ठीत फक्त त्या माणसाच्या हातातले काम लिहिले. डॉक्टरांकडे रजबमधले दोन रविवार मागितले. मेडिकलवाल्या भाईंकडे तर एक प्रश्नच मागितला: साखरेची गोळी देताना प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारा, "रोजे ठेवणार का? डॉक्टरांना विचारलंत का?" ग्लिमेपिराईडसारख्या गोळ्या साखर जोराने खाली आणतात, एकट्या मेटफॉर्मिनने तसे सहसा होत नाही. कोण काय घेतो हे भाईंच्या इतके कुणालाच ठाऊक नसते.

सगळे नीट चालले होते. तेवढ्यात खाला वॉकर सरकवत पुढे आल्या. आम्ही त्यांना 'उदाहरण' म्हणून बोलावले होते, हे लिहायला आज लाज वाटते. त्या म्हणाल्या, "तुमच्या कागदात लिहिलंय, रोजा ठेवू नये अशांची यादी करायची आणि मशिदीत द्यायची. माझं नाव त्या यादीत लागणार. उद्या गल्लीतली पोरंसुद्धा म्हणतील, ही खाला रोजे खाते. मग मी लपून रोजा ठेवीन आणि गोळीपण लपूनच घेईन. बघा, चालतंय का." वर्गात शांतता पसरली. मग त्यांनी इमामसाहेबांकडे वळून विचारले, "त्या दिवशी मला आधी घाम सुटला होता, हात थरथरत होते. सुनेनं शरबत आणलं. मी तोंड मिटून घेतलं. म्हटलं, दीड तासासाठी रोजा तोडून गुन्हेगार कशाला होऊ. मौलाना, मी बरोबर केलं का?"

इमामसाहेब थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "नाही, आपा. तिथं रोजा सोडणं हाच हुकूम होता. हे मी आधीच सांगायला हवं होतं."

ही बैठक आमच्या आकड्यांनी जिंकली असे आम्ही म्हणणार नाही. खालांच्या त्या एका सवालाने जिंकली. आणि आमच्या योजनेतली सर्वांत मोठी खोटही त्यांनीच दाखवली.

पश्चिम उत्तर प्रदेशातल्या पोलिओच्या कामाची इथे आठवण होते. तिथे कित्येक मुस्लिम वस्त्यांतून डोस नाकारला जात होता, नाना अफवा होत्या. अलीगढ मुस्लिम विद्यापीठ, जामिया मिल्लिया आणि जामिया हमदर्द या संस्था पुढे आल्या, उलमांनी आवाहन केले, मशिदींतून घोषणा झाल्या, त्याच गल्लीतल्या बायका दारोदार फिरल्या. पण लोकांची एक तक्रार खरी होती. दर महिन्याला थेंब पाजायला येता, गटार कोण काढणार? पोराला जुलाब होतात तेव्हा कोण येते? 2009 साली उत्तर प्रदेशातल्या 66 आणि बिहारमधल्या 41, अशा 107 तालुक्यांसाठी जी योजना झाली तिच्यात स्वच्छता, हात धुणे, स्तनपान आणि जुलाबावरचे उपचार यांनाही जागा मिळाली. तक्रार हाच योजनेचा भाग झाला. देशातला शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी हावड्यात सापडला.

तर आम्ही यादी काढून टाकली. आता आशाताई आणि मोहल्ल्यातल्या फार्मसी शिकणाऱ्या दोन मुली घरी जाऊन बोलतील. कोण रोजा ठेवणार, कोण नाही, हे डॉक्टर त्या व्यक्तीलाच सांगतील. इन्सुलिनवर असलेल्या गरोदर भगिनी, डायलिसिसवरचे रुग्ण, नुकतीच साखर घसरून दवाखान्यात गेलेले, यांना धोका सर्वांत जास्त. इमामसाहेब रजबच्या एका जुम्म्याला नाव न घेता सगळ्यांसाठी बोलतील: आजाऱ्याला दिलेली सवलत ही अल्लाहचीच आहे, नंतर कजा आहे, बरे होण्याची आशाच नसेल तर फिदिया आहे. आणि बोटातून थेंबभर रक्त काढून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही. लोक तपासत नाहीत ते खर्चापायी आहे, तसेच या गैरसमजापायीही आहे.

आहारतज्ज्ञ आमच्या गावात नाही. ती जागा भगिनींनीच भरायची ठरवली. सहेरी अगदी शेवटच्या वेळेला, तिच्यात ज्वारीची भाकरी, डाळ, अंडे. इफ्तारला खजूर एक-दोन, भज्यांचा ढीग नको. शरबताचा जग अब्बांच्या हाताला लागणार नाही असा ठेवायचा, पण साखर खाली गेली तर तोच जग पहिला धावेल, हेही घरातल्या पोरांना सांगून ठेवायचे. यावर बायका जेवढे बोलल्या तेवढे बैठकीत दुसऱ्या कशावर कुणी बोलले नाही.

अडले आहे ते पैशांपाशी. दिवसाला दोन तपासण्या म्हटल्या तरी एका माणसाला महिन्याला 60 स्ट्रिप लागतात, आणि ज्यांना गरज त्यांनाच त्या परवडत नाहीत. अध्यक्षसाहेबांनी दोन मशिन मशिदीच्या ऑफिसात ठेवायला हो म्हटले आहे, एक बायकांसाठी उर्दू शाळेतही. स्ट्रिपचा खर्च जकातीतून करता येईल का, हे इमामसाहेब मुफ्तीसाहेबांना विचारून सांगणार आहेत. डॉक्टरसाहेबांचा पहिला रविवार येत्या आठवड्यात आहे. खालांनी सगळ्यात आधी नाव नोंदवले, आणि येताना शेजारच्या दोघींना घेऊन येते म्हणाल्या.