विश्लेषण : ‘एआयएस’मध्ये दिसते तेवढेच उत्पन्न?

विवरणपत्र भरायची वेळ आली की फ्रीलान्स काम करणारे आणि घर भाड्याने देणारे आधी प्राप्तिकर पोर्टलवर ‘एआयएस’ उघडतात. तिथला आकडा जसाच्या तसा उचलला की काम झाले, असा समज रूढ होतो आहे. तो महागात पडू शकतो.

त्यात नेमके काय येते?

इतरांनी प्राप्तिकर विभागाला कळवलेलीच माहिती. कंपनीने वर्षाला ५० हजारांहून अधिक व्यावसायिक शुल्क दिले, त्यातून १० टक्के टीडीएस कापला, की नोंद उमटते. टीडीएस न कापणारा छोटा किंवा परदेशी ग्राहक मात्र तिथे बहुधा दिसत नाही. पण ते पैसेही करपात्रच. त्यामुळे खरा हिशेब बिले आणि बँक स्टेटमेंटचाच. शिवाय १० टक्के कापले म्हणजे कर भरून झाला असेही नाही. उत्पन्न ज्या टप्प्यात बसेल, त्या दराने उरलेला कर भरावाच लागतो.

भाड्याची गल्लत कुठे होते?

समजा, पुण्यातील पती-पत्नीने निम्म्या-निम्म्या मालकीचा फ्लॅट दरमहा २५ हजारांना दिला. वर्षाचे भाडे एक लाखाच्या वर असल्याने घरभाडे भत्त्याची सवलत घेणारा भाडेकरू आपल्या कंपनीला घरमालकाचा पॅन देतो, तोही बहुतेकदा एकाचाच. मग तीन लाख रुपये एकाच्याच एआयएसमध्ये दिसतात! अशा वेळी दोघांनी आपापल्या विवरणपत्रात दीड-दीड लाख दाखवावेत आणि ज्याच्या नावावर नोंद आहे त्याने ‘फीडबॅक’मध्ये ती पूर्णपणे बरोबर नसल्याचे कळवावे. करारनाम्याची प्रत जपून ठेवावी, नोटीस आली तर तीच उपयोगी पडते.

मालकाने भरलेला मालमत्ता कर वजा केल्यावर उरलेल्या भाड्यातून ३० टक्के सरसकट वजावट मिळते, दुरुस्तीची बिले असोत वा नसोत. राहत्या घराचे भाडे व्यवसायाचे उत्पन्न म्हणून दाखवून जादा खर्च वजा करण्याची वाट आर्थिक वर्ष २०२४-२५पासून बंद झाली आहे.

आगाऊ कराचे काय?

टीडीएस वजा जाता वर्षाचा कर १० हजार किंवा अधिक होत असेल, तर तो चार हप्त्यांत भरायचा. डॉक्टर, वकील, वास्तुविशारद, अभियंते अशा ठरावीक व्यावसायिकांना निम्मी जमा नफा मानणारी अनुमानित योजना घेता येते. त्यांना १५ मार्चपर्यंत एकच हप्ता पुरतो. हप्ता चुकला तर व्याज लागते.

उत्पन्न दाखवायचे राहून गेले असेल, तर करनिर्धारण वर्ष संपल्यापासून चार वर्षांपर्यंत अद्ययावत विवरणपत्र भरता येते. मात्र कर व व्याजावर पहिल्या वर्षी २५ टक्के जादा, तर चौथ्या वर्षी ७० टक्के.